फाळके आणि अवॉर्ड

अवॉर्ड सोहळे फार झालेत! नांदेडच्या आमच्या होस्टेलवर लातूरचा रूममेट म्हणतो, कलाकाराचं कौतुक व्हायलाच पाहिजे. मान्य, पण वेळेवर. दादासाहेब फाळक्यांचंच बघा. जन्म १८७०, त्र्यंबकेश्वर. विम्याची पॉलिसी गहाण टाकून १९१२ ला लंडन गाठलं, कॅमेरा आणला. १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामती व्हायला बाई मिळेना, म्हणून हॉटेलात काम करणाऱ्या साळुंकेंना लुगडं नेसवलं. पत्नी सरस्वतीबाई अख्ख्या युनिटचा स्वयंपाक करून वर फिल्मला भोकंही पाडायच्या (ही खरी इंजिनिअर!). शेवटचा चित्रपट १९३७ चा. १९४४ ला नाशकात वारले, तेव्हा सिनेमावाले त्यांना जवळपास विसरलेच होते. त्यांच्या नावाचा सरकारी पुरस्कार निघाला १९६९ चा, पहिला देविकाराणींना. आता तर मिळत्याजुळत्या नावाचे खाजगी सोहळेही भरतात.