कागदाचं वजन आणि बाबासाहेब

डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हटलं की आपल्याला संविधान आठवतं, चवदार तळं आठवतं. पण बाबासाहेब वर्तमानपत्रवालेही होते. आणि वर्तमानपत्र चालवायचं म्हणजे नुसते लेख लिहून भागत नाही, कागद विकत घ्यावा लागतो, छापावा लागतो, तोलून टपालात टाकावा लागतो. मी मनमाडचा, रेल्वे क्वार्टर्समध्ये वाढलेला. आमच्याकडे हे नाव घरोघरी. तरी ही बाजू मला जाणवली ती यंदा आपल्या अंकाच्या कागदाचा हिशेब माझ्याकडे आला तेव्हा.

हिशेब तसा सोपा आहे. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. तावाची लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये घ्या, दोन्हींचा गुणाकार करा, त्याला जीएसएमने गुणा आणि 20,000 ने भागा. आलं 500 तावांच्या रीमचं वजन किलोत! छापखान्यातला नेहमीचा 23 बाय 36 इंची ताव, 70 जीएसएम, म्हणजे रीम साधारण 18.7 किलोचं आणि एक ताव 37 ग्रॅमचा. डेमी पाव आकाराची 16 पानं अशा एका तावात बसतात.

आता समजा, असा 16 पानी पाक्षिक अंक काढायचा, प्रती हजार. दर अंकाला दोन रीम, म्हणजे 37 किलो कागद. वर्षाचे 24 अंक धरले तर जवळजवळ 900 किलो! त्याचे पैसे आधी मोजायचे, आणि वर्गणी मात्र येईल तेव्हा येणार. शिवाय टपालखर्च वजनाच्या टप्प्याने. तेव्हा तोळ्याचा हिशेब होता, एक तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. आपला 37 ग्रॅमचा अंक तीन तोळ्यांच्या थोडा वर जातो. पानं वाढवली की कागदही वाढतो आणि टपालाचा टप्पाही ओलांडला जाऊ शकतो. वाचक जर गिरणीत, रेल्वेत, शेतावर राबणारे असतील तर वर्गणी तरी किती वाढवणार?

बाबासाहेबांचे वाचक नेमके असेच होते. 14 एप्रिल 1891 ला महू इथे त्यांचा जन्म. वडील रामजी लष्करात सुभेदार. 1913 मध्ये ते बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. परत आल्यावर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. ही सरकारी नोकरी चालू असतानाच 31 जानेवारी 1920 ला 'मूकनायक' हे पाक्षिक निघालं. म्हणून संपादक म्हणून नाव लागलं पांडुरंग नंदराम भटकरांचं. राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली. 'केसरी'ने मात्र पैसे देऊनही या पत्राची जाहिरात घेतली नाही. त्याच वर्षी बाबासाहेब शिक्षण पुरं करायला लंडनला गेले आणि पुढे 1923 मध्ये 'मूकनायक' बंद पडलं.

रुपयाच्या प्रश्नावर लंडनमध्ये प्रबंध लिहिणाऱ्या माणसाला हा जमाखर्च कळत नव्हता का? चांगलाच कळत होता! तरी महाडच्या सत्याग्रहानंतर लगेच, 3 एप्रिल 1927 ला, त्यांनी 'बहिष्कृत भारत' काढलं. मदतीला माणसं नाहीत, म्हणून अंकाचे चोवीसच्या चोवीस रकाने स्वतः लिहून काढायची वेळ त्यांच्यावर येई. वकिली, चळवळ सांभाळून हे चालायचं. पैशांच्या ओढाताणीत 1929 च्या नोव्हेंबरात तेही थांबलं. एक वर्ष गेलं आणि 24 नोव्हेंबर 1930 ला 'जनता' हजर!

1936 ची गोष्ट बघा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने भाषणाला बोलावलं आणि मजकूर पाहून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी ते भाषण पुस्तक म्हणून छापलं. पहिल्या आवृत्तीच्या 1500 प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारलं तरी छापील कागद लोकांपर्यंत पोचला.

12 आणि 13 फेब्रुवारी 1938 ला ते आमच्या मनमाडला आले, जीआयपी रेल्वेतल्या दलित कामगारांच्या परिषदेचे अध्यक्ष म्हणून. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, असं त्यांनी तिथे मांडलं. दलित माणूस जन्मभर गँगमनच राहतो, त्याला वरची जागा मिळत नाही, हेही सांगितलं. मुंबईहून वऱ्हाडाकडे जाणारी टपाल मनमाडवरूनच जायची, आणि ते रूळ हेच गँगमन सांभाळायचे.

4 फेब्रुवारी 1956 ला 'जनता'चं नाव 'प्रबुद्ध भारत' झालं. 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. म्हणजे 'मूकनायक'पासून मृत्यूपर्यंत छत्तीस वर्षं, मध्ये खंड पडले तरी, त्यांनी हा तोट्याचा हिशेब सोडला नाही. 'बहिष्कृत भारत' आणि 'मूकनायक'चे अंक महाराष्ट्र शासनाने 1990 मध्ये एकत्र छापले आहेत. जाडजूड ग्रंथ आहे. लायब्ररीत मिळाला तर आधी हातात घेऊन त्याचं वजन बघा, आणि मग वाचायला बसा.