बोटं वाकली, पाय थांबले, तरी रेन्वारनं शेवटपर्यंत ब्रश सोडला नाही

गुडघे कुरकुरायला लागले की आपल्याकडे बरेच जण आता वय झालं म्हणतात आणि एकेक गोष्ट सोडून देतात. पण दुखणं पूर्ण बरं होणार नसेल, तर आयुष्यही थांबवायचं का? फ्रान्समधल्या एका चित्रकारानं हा प्रश्न जवळपास पंचवीस वर्षं रोज सोडवला.

पिएर-ऑगस्त रेन्वार. जन्म १८४१ चा, लिमोज गावातला. वडील शिंपी. पोरगा लहान वयातच पॅरिसमध्ये चिनीमातीच्या भांड्यांवर नक्षी रंगवायला लागला. पुढं १८७४ मध्ये क्लोद मोने वगैरे मित्रांसोबत त्यानं गाजलेल्या प्रदर्शनात चित्रं मांडली. तिथूनच इम्प्रेशनिझम हे नाव जगाला कळलं.

पन्नाशीच्या आसपास त्याला आमवातानं गाठलं. गुडघ्याची झीज वेगळी आणि हा वेगळा. आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते. १८९७ मध्ये सायकलवरून पडून त्याचा उजवा हात मोडला. त्यानंतर दुखणं वाढतच गेलं. त्याला आवर घालणारी आजची औषधं तेव्हा नव्हतीच.

मग त्यानं स्वतःच मार्ग काढले. सांधे आखडू नयेत म्हणून तो रोज सकाळी छोटे चेंडू हवेत उडवून झेलायचा. दक्षिण फ्रान्सच्या उबदार हवेत मुक्काम हलवला आणि १९०७ मध्ये कान्य इथं ऑलिव्हच्या झाडांची वाडी घेतली.

बोटं तळव्यात वळली, तेव्हा कातडी सोलू नये म्हणून तो हाताला कापडी पट्ट्या गुंडाळायचा. त्यावरून ब्रश हाताला बांधतात अशी दंतकथा पसरली. खरं तर कुणीतरी ब्रश बोटांत द्यायचं, पुढचं काम त्याचं. मोठा कॅनव्हास रुळांवर गुंडाळलेला असायचा. हवा तो भाग फिरवून समोर आणायचा, म्हणजे खुर्चीतून उठायला नको.

१९१२ च्या सुमारास चालणं बंद झालं. एका डॉक्टरनं त्याला चार पावलं चालवलंही, असं सांगतात. पण त्यात सगळी ताकद संपते, चित्रासाठी काही उरत नाही, हे ओळखून तो पुन्हा खुर्चीत बसला आणि रंगवायला लागला.

३ डिसेंबर १९१९ ला, ७८ व्या वर्षी तो गेला. त्याचं मोठं चित्र 'स्नान करणाऱ्या स्त्रिया' याच शेवटच्या काळातलं.

गुडघ्याच्या झिजेत मात्र खुर्ची धरून बसू नका. तिथं मांडीच्या स्नायूंचा नियमित व्यायाम, झेपेल तेवढं चालणं आणि वजनावर ताबा हाच उपचाराचा पाया असतो. घ्यायचं ते रेन्वारचं डोकं. रोज थोडी हालचाल करा. जमिनीवर बसवत नसेल तर खुर्ची, कमोड, काठी वापरा, त्यात लाज कसली? आणि वाचलेली ताकद आवडीच्या कामाला लावा. कुठला व्यायाम करायचा, ते डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडून नीट शिकून घ्या.