पाणबुड्याच्या रक्तात बुडबुडे का होतात? स्वतःवरच प्रयोग करणारे हाल्डेन

चौसाळा (जि. बीड) : विहिरीत सूर मारणारा पोरगा तळ गाठून झटक्यात वर येतो, त्याला काही होत नाही. तारकर्लीला सिलिंडर लावून उतरणाऱ्याला मात्र सावकाश वर यायला सांगतात. असे का, हे जे. बी. एस. हाल्डेन यांच्या आयुष्यातून नीट कळते.

त्यांचा जन्म १८९२ मध्ये ऑक्सफर्डला झाला. वडील जॉन स्कॉट हाल्डेन श्वसनाचे शास्त्रज्ञ होते आणि ब्रिटिश नौदलासाठी पाणबुड्यांवर संशोधन करत होते. त्यांनी १३ वर्षांच्या मुलालाही स्कॉटलंडच्या समुद्रात उतरवले. पोशाख मोठ्या माणसाच्या मापाचा, त्यामुळे आत पाणी शिरले. पोरगा सुखरूप वर आला, हे नशीबच.

पाण्यात दर १० मीटरला एका वातावरणाइतका दाब वाढतो. सिलिंडरमधली हवाही त्याच दाबाने फुप्फुसात येते. तिच्यातला नायट्रोजन शरीर वापरत नाही. तो रक्तात, स्नायूंत, चरबीत विरघळून साठतो. सावकाश वर आल्यास श्वासावाटे निघून जातो. घाई केली, तर गोटी सोडा फोडल्यासारखे बुडबुडे होतात. सांधे ठणकतात, मज्जारज्जूला इजा झाल्यास पाय लुळे पडतात. विहिरीतल्या पोराच्या छातीत एकाच श्वासाची हवा असते, म्हणून तो सुटतो. वडिलांनी बकऱ्यांवर प्रयोग करून १९०८ मध्ये टप्प्याटप्प्याने वर येण्याचे तक्ते मांडले.

हा धोका पाण्याबाहेरही संपत नाही. एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर १८ तास विमानप्रवास टाळायला सांगतात, कारण उंचावर दाब आणखी घटतो. कोकणातून आपल्याकडे परतताना घाट चढावाच लागतो. हौशी डाइव्ह उथळ असते, तरी प्रशिक्षकाला विचारून निघालेले बरे.

१९३९ मध्ये ‘थेटिस’ ही पाणबुडी बुडून ९९ जण गेले. त्यानंतर हाल्डेन स्वतः पोलादी दाबकक्षात बसू लागले. जास्त दाबाखाली ऑक्सिजनही विषारी ठरतो, हे त्यांनी अंगावर झेलले. झटक्यांत मणके दबले, कानाचा पडदा फाटला. पुढे ते त्या कानातून तंबाखूचा धूर काढून दाखवत!

१९५७ मध्ये ते कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. १ डिसेंबर १९६४ रोजी भुवनेश्वरमध्ये कर्करोगाने त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे देह काकीनाड्याच्या वैद्यकीय महाविद्यालयाला देण्यात आला.