विल्हेल्म मायबाख: पेट्रोल, उष्णता आणि ८,०७० नळ्या

गेम खेळताना फोन तापला की तो हळू चालायला लागतो. कार्ब्युरेटरच्या जुन्या दमदार गाड्यांचं दुखणं याहून वाईट. इंजिनच्या उष्णतेने नळीतलं पेट्रोल उकळतं, बुडबुडे होतात, कार्ब्युरेटर उपाशी राहतो आणि गाडी भर रस्त्यात बंद! याला व्हेपर लॉक म्हणतात. पेट्रोल आणि उष्णता, दोन्हींशी पहिल्यापासून झुंजलेला इंजिनिअर म्हणजे विल्हेल्म मायबाख.

जन्म १८४६ चा, जर्मनीतल्या हाइलब्रॉनचा. दहाव्या वर्षापर्यंत आई-वडील दोघंही गेले. रॉयटलिंगेनच्या एका धर्मादाय संस्थेत ते वाढले, तिथेच ड्रॉइंग शिकले आणि तिथेच त्यांना गॉटलीब डाइमलर भेटले. पुढची पस्तीस वर्षं ही जोडी फुटली नाही.

तेव्हाच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या साठ्यावरून हवा फिरवून वाफ ओढून घेत. वाफ पुरेशी व्हावी म्हणून अनेकदा पेट्रोल मुद्दाम गरमही करत! शिवाय हलका भाग आधी उडून जाई आणि मागे उरलेलं जड पेट्रोल नीट पेटत नसे. १८९३ मध्ये मायबाख यांनी हे उलटं केलं. कंपनीशी बिनसलं होतं, म्हणून काम चालायचं कानस्टाटमधल्या एका हॉटेलच्या हॉलमध्ये. इंजिन हवा ओढतं, त्या ओढीनेच बारीक तोटीतून पेट्रोल फवारलं जातं. साठा तापवून वाफ करायची गरजच संपली. जुन्या स्प्लेंडरचा कार्ब्युरेटर याच तत्त्वावर चालतो.

पण ताकद वाढली तशी इंजिनची उष्णताही वाढली. गार करायचं पाणी उकळून उडायचं, वाटेत पुन्हा भरावं लागायचं. १९०० मध्ये एमिल येलिनेक या धनाढ्य व्यापाऱ्याला शर्यतीसाठी वेगवान गाडी हवी होती. मायबाख यांनी ३५ हॉर्सपॉवरचं इंजिन केलं, त्याला दोन कार्ब्युरेटर लावले आणि पुढे मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. ६ मिलिमीटर चौकोनी तोंडाच्या तब्बल ८,०७० नळ्या! नळ्यांतून वारा, मधल्या फटींतून पाणी. आधी १८ लिटर पाणी लागायचं, आता ९ पुरलं. मार्च १९०१ मध्ये फ्रान्समधल्या नीसच्या शर्यतींत या गाडीने बाकीच्यांना धूळ चारली.

गाडीला नाव मिळालं येलिनेकच्या मुलीचं: मर्सिडीज. डाइमलर १९०० मध्येच वारले होते, आणि त्यांच्यामागे कंपनीत मायबाख यांना बाजूला सारलं गेलं. १९०७ मध्ये ते बाहेर पडले, मुलगा कार्लबरोबर झेपेलिनच्या हवाई जहाजांसाठी इंजिनं बनवण्याकडे वळले. मायबाख नावाची कार लोकांनी पाहिली थेट १९२१ मध्ये, तीही कार्लची. विल्हेल्म १९२९ च्या डिसेंबरमध्ये गेले. कानस्टाटच्या ज्या दफनभूमीत ते आहेत, तिथेच डाइमलरही आहेत.