ह्यूमसाहेबांची पक्षीगणना

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव शाळेच्या इतिहासात काँग्रेसच्या स्थापनेपाशी येते आणि तिथेच संपते. डिसेंबर १८८५ मध्ये मुंबईच्या गोकुळदास तेजपाल संस्कृत पाठशाळेत पहिले अधिवेशन भरले, त्यामागचे हे निवृत्त सनदी अधिकारी. त्याआधी मात्र कित्येक वर्षे त्यांचा जीव गुंतला होता पक्ष्यांत. कोणता पक्षी देशाच्या कोणत्या भागात आणि कोणत्या महिन्यात दिसतो, याचा पक्का हिशेब त्यांना मांडायचा होता.

१८२९ साली जन्मलेले ह्यूम १८४९ मध्ये भारतात आले. इटाव्याला कलेक्टर असताना जमवलेला पक्ष्यांचा संग्रह १८५७ च्या उठावात गेला. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. पुढे ते महसूल, शेती व व्यापार खात्याचे सचिव झाले. सिमल्यातल्या ‘रॉथनी कॅसल’ या घरातच त्यांनी संग्रहालय थाटले.

पण एवढा देश एकट्याने कसा पालथा घालणार? १८७२ च्या सुमारास त्यांनी ‘स्ट्रे फेदर्स’ हे नियतकालिक सुरू केले आणि हौशी मंडळींना कामाला लावले. लष्करातले, रेल्वेतले, मिशनमधले, कचेऱ्यांतले पन्नासहून अधिक लोक त्यांना नोंदी आणि नमुने पाठवत. पगार कोणालाच नव्हता. नमुना कसा सोलायचा, टिकवायचा, बांधून पाठवायचा, याची पुस्तिकाच ह्यूम यांनी १८७४ मध्ये छापली. तेव्हा पक्षीनिरीक्षण म्हणजे बहुधा बंदूकच असे. आज ते वाचवत नाही. मात्र प्रत्येक नमुन्याला चिठ्ठी असे, तिच्यावर ठिकाण आणि तारीख.

महाराष्ट्राच्या पक्ष्यांच्या कितीतरी जुन्या याद्या याच नियतकालिकातल्या आहेत. नगरकडे राहणारे मिशनरी फेअरबँक यांनी १८७६ मध्ये खंडाळा, महाबळेश्वर आणि नगरचे पक्षी नोंदवले. डेव्हिडसन आणि वेंडन यांनी दख्खनची यादी केली, विडाल यांनी दक्षिण कोकणची. जेम्स डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने पश्चिम खानदेशचीही स्वतंत्र यादी दिली.

या सगळ्यांतून ह्यूम यांना भारतीय पक्ष्यांचा एक मोठा ग्रंथ लिहायचा होता. १८७९ मध्ये सरकारची मर्जी फिरली आणि त्यांना सचिवपदावरून खाली उतरवण्यात आले. १८८२ मध्ये ते निवृत्त झाले. मग एका हिवाळ्यानंतर सिमल्याला परतल्यावर कळले, की नोकराने हस्तलिखितांचे ढीग बाजारात रद्दीच्या भावाने विकले आहेत. पंचवीस वर्षांची मेहनत पुड्या बांधण्यात गेली. ह्यूम यांनी पक्षीशास्त्र सोडलेच. १८८५ मध्ये त्यांनी सुमारे ८२ हजार नमुन्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला दान केला. पुढे इंग्लंडला परतून ते वनस्पतींत रमले. १९१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

ग्रंथ गेला, पण चिठ्ठ्या राहिल्या. ब्लूइट या सहकाऱ्याने आजच्या छत्तीसगडच्या भागातून १८७२ मध्ये पाठवलेल्या एका छोट्या घुबडाला ह्यूम यांनी त्याचेच नाव दिले होते. तो आपला रानपिंगळा. डेव्हिडसन यांनाही तो खानदेशात मिळाला. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नव्हती. होती ती १९१४ मधली, गुजरातची, माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या नावावर. पुढे उघड झाले, की त्याने म्युझियममधला डेव्हिडसन यांचाच जुना नमुना चोरून त्याला खोटी चिठ्ठी चिकटवली होती.

ही खोटी नोंद बाजूला ठेवून अमेरिकेच्या पामेला रासमुसेन आणि सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यात शहाद्याजवळच्या जंगलात, भर दिवसा उघड्या फांदीवर रानपिंगळा बसलेला होता.