काउंट रम्फर्डची आगटी

अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडन शहर झपाट्याने वाढत होते. हिवाळा आला की घरोघरी भिंतीतल्या आगटीत दगडी कोळसा धगधगू लागे. पण त्या आगट्या मोठ्या विचित्र होत्या. त्यांचे तोंड ऐसपैस आणि धुराड्याचा मार्ग रुंद. त्यामुळे बहुतेक ऊब आकाशात जाई आणि धूर तेवढा खोलीत परते. ज्यांनी ओल्या लाकडांची चूल फुंकली आहे, त्यांना त्या घरांतील माणसांच्या हालांची कल्पना सहज येईल.

या दुखण्यावर ज्याने इलाज शोधला, तो बेंजामिन टॉम्पसन जन्माने अमेरिकन. १७५३ साली मॅसॅच्युसेट्समधील वोबर्न या गावी एका शेतकऱ्याच्या घरी तो जन्मला. लहानपणीच त्याचे पितृछत्र हरपले. तेराव्या वर्षी तो एका दुकानदाराकडे उमेदवारी करू लागला. पुढे शिक्षक झाला व एका धनवान विधवेशी त्याचा विवाह झाला. अमेरिकेत स्वातंत्र्याचा लढा पेटताच त्याने इंग्रजांची बाजू घेतली, त्यांच्यासाठी हेरगिरीही केली, आणि १७७६ साली पत्नी व चिमुकली मुलगी यांना मागे टाकून तो इंग्लंडला निघून गेला. पत्नीची व त्याची पुन्हा कधीच भेट झाली नाही. त्याच्या चरित्रातील हा डाग झाकण्याजोगा नाही.

पुढे तो बव्हेरियाच्या इलेक्टरकडे चाकरीस राहिला. म्युनिक शहरात भिकाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. १७९०च्या पहिल्याच दिवशी टॉम्पसनने त्यांना एकत्र आणून काम व अन्न देण्याची व्यवस्था लावली. पण रोज शेकडो माणसांचे अन्न शिजवायचे, तर सरपण किती लागावे! त्याने उघडा जाळ विटांनी बंदिस्त केला. थोड्या सरपणात मोठमोठी भांडी शिजू लागली. लोकरीत अडकलेली हवा उष्णता रोखून धरते, हेही त्याने प्रयोगांनी दाखविले. आजच्या इमारतींच्या दुहेरी काचांच्या खिडक्यांत अशाच कोंडलेल्या थराचा उपयोग करतात. या सेवेबद्दल त्याला काउंट ही पदवी मिळाली व त्याने रम्फर्ड हे नाव धारण केले.

१७९५ साली तो लंडनला परतला. त्याने आगटीची मागील भिंत पुढे आणली, बाजूच्या भिंती तिरप्या केल्या आणि धुराड्याचा गळा अरुंद केला. बस्स, थोड्या विटा, थोडा चुना आणि एक गवंडी! ऊब खोलीत पसरू लागली, धूर सरळ वर जाऊ लागला आणि कोळसा कमी लागू लागला. शेकडो घरांनी आपल्या आगट्या बदलून घेतल्या. या युक्तीचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही. उलट, निबंध लिहून ती सर्वांना शिकविली.

१८१४ साली पॅरिसजवळ त्याचे निधन झाले. त्या आगट्यांना लोक त्याच्याच नावाने ओळखत राहिले.