पुरुषपणाची मोजपट्टी

बँकेत नोटा हाताळण्यात माझी उमेदीची वर्षे गेली. समाज कोणाला मान देतो, हे नोटेवरच्या चित्रावरून कळते. इंग्लंडने २०२१ साली पन्नास पौंडांच्या नोटेवर ॲलन ट्यूरिंगला स्थान दिले. त्याच देशाने १९५२ साली त्याला गुन्हेगार ठरवले होते!

ट्यूरिंगचा जन्म १९१२ चा; वडील मद्रास इलाख्यात सनदी अधिकारी. संगणकामागचा मूळ विचार त्याने १९३६ साली मांडला. महायुद्धात जर्मनांचे सांकेतिक संदेश उलगडण्यात त्याचा मोठा वाटा होता. १९४७ साली मॅरेथॉन त्याने पावणेतीन तासांच्या आसपास पूर्ण केली. पुरुषार्थाची कोणती रूढ कसोटी उरली होती?

पण घरफोडीच्या तपासात, एका पुरुषाशी आपले संबंध असल्याचे त्याने पोलिसांना सांगितले. कायदा पुरुषांपुरताच होता. स्त्रियांबाबत तो गप्प. तुरुंग टाळायचा तर औषध घ्या, असा पर्याय मिळाला. औषध कोणते? स्त्रीसंप्रेरक! पुरुषाच्या साच्यात बसत नाही म्हणून ज्याला दोष दिला, त्याच्या देहातले पुरुषत्व न्यायालयाच्या हुकमानेच खच्ची केले गेले. १९५४ साली सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. चौकशीत आत्महत्या ठरली. राजघराण्याची माफी मिळाली २०१३ साली.

आपल्याकडे इंग्रजांनीच आणलेल्या ३७७ व्या कलमातून प्रौढांचे संमतीचे संबंध २०१८ साली वगळले गेले. तरी मुलगा हळवा निघाला की त्याला बायल्या म्हणणारी घरे आहेतच. कोर्टातली मोजपट्टी मोडली. माजघरातली मोडणे आपल्याच हाती आहे.